कुपन नंबर २२ वर कोण बसलं होतं?

नोट खराब झाली तर काय करायचं, याची सोय सरकारने करून ठेवलेली आहे. रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नोट परतावा नियम आहेत आणि २०१८ मध्ये त्यांत सुधारणाही झाली. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून जास्त भाग शाबूत असेल तर पूर्ण पैसे. ५० आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा हाती असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. त्याहून लहान असेल तर बँकेतला माणूस चष्म्यावरून आपल्याकडे बघतो, तेवढंच. नोट मुद्दाम फाडली असं दिसलं तर दावा नाकारता येतो. आता शेळीने नोट खाल्ली तर मुद्दाम खाल्ली की चुकून, हे कुणी ठरवायचं, तेवढं नियमांत नाही. बाकी सगळं आहे. २०१८ मध्येच आसामात तिनसुकियाच्या एका एटीएममध्ये शिरून उंदरांनी बारा लाखांवर किमतीच्या नोटांचा भुगा केला होता, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. नोटेला मान आहे. ती कुरतडली तरी बातमी होते.

कुपनाला काहीच नाही. त्याच्यावर गव्हर्नरांची सही नसते, धारकाला अमुक रक्कम अदा करण्याचं वचन नसतं. असते ती तळाला मुंगीएवढ्या अक्षरांतली नियमावली. फाटलेली कुपने स्वीकारली जाणार नाहीत. खाडाखोड चालणार नाही. झेरॉक्स चालणार नाही. अंतिम निर्णय संयोजकांचा. संयोजकांनी इतका दूरवर विचार केलेला असतो की एकाच घरातून दोन प्रवेशिका आल्या तर काय, तेही लिहून ठेवतात. फक्त घरात कुत्रं असतं हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आमच्या मस्तगडात ते असतंच. मस्तगड म्हणजे जालन्याची गढी. निजाम आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ मध्ये ती बांधली. चौकोनी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, एक फारसी शिलालेख आणि आत एक प्रचंड विहीर, जिच्या पोटात सज्जे आणि खोल्या आहेत. पुढे या गढीत नगरपालिकेची कचेरी थाटली गेली. शत्रूला धाक बसावा म्हणून बांधलेल्या भिंतींच्या आत लोक जन्माचे दाखले काढायला जाऊ लागले. इतिहास असा हळूहळू उतरणीला लागतो. गढीच्या नावावरून वस्तीचं नाव पडलं आणि वस्तीत माणसांइतकाच हक्क सांगणारी जनावरं आली. एका मांजरीवर चार घरांची मालकी. ती सकाळी एका घरात दूध पिते, दुपारी दुसऱ्या घरातल्या गादीवर झोपते आणि पिल्लं तिसऱ्याच घरातल्या कपाटात घालते. चौथ्या घराला काय मिळतं, ते पुढे येईल.

कुपनांचं म्हणाल तर कमी नाहीत. चहाच्या पुड्यात कुपन, साबणाच्या पुडीत कुपन, साडीच्या दुकानात हजाराच्या खरेदीवर कुपन, पाण्याच्या जारवाल्याने आगाऊ पैसे घेऊन दिलेलं कुपनांचं पुस्तक, गणपतीत सोडतीचं कुपन, नवरात्रात महाप्रसादाचं कुपन. अमेरिकेत १८८७ च्या सुमारास कोका-कोलाचा एक पेला फुकट देणारी कुपनं वाटली गेली, तिथून म्हणे ही रीत जगभर पसरली. पण मराठी माणसाचा कुपनाशी खरा संसार मांडला तो वर्तमानपत्रांनी. रोज पेपरात एक कुपन छापून येतं. ते कापायचं, प्रवेशिकेवर त्या-त्या नंबरच्या चौकोनात चिकटवायचं, सगळे चौकोन भरले की प्रवेशिका नेऊन द्यायची आणि हमखास भेटवस्तू घ्यायची. म्हणजे कॅसरोल, नाहीतर बादली, नाहीतर झाकण न बसणाऱ्या डब्यांचा सेट. वर बंपर सोडतीत मोटारसायकलची आशा. ज्या घरात अग्रलेख कुणी वाचत नाही त्या घरात पेपर सकाळी सातला उघडला जातो तो या योजनेच्या काळात. आधी कात्री, मग निधनवार्ता.

आता गंमत अशी आहे की कुपन छापतात वर्तमानपत्रावर, आणि कुत्र्याच्या पिल्लाला शू करायला शिकवतात तेही वर्तमानपत्रावरच. एकाच कागदावर घरात दोन योजना चालू असतात. पिल्लाला सांगितलेलं असतं की पेपर दिसला की तिथे बस, शाबासकी मिळेल. पेपर कालचा की आजचा, कुपन कापलेला की न कापलेला, हे त्याला सांगितलेलं नसतं. ते बिचारं पानावर बसतं, काम आटोपतं आणि शेपूट हलवत बिस्किटाची वाट बघतं. त्या वेळी घरातून येते ती किंकाळी. शहाण्या पिल्लाचा माणसांवरचा विश्वास उडतो तो याच दिवशी.

आमच्या समोरच्या काकूंकडे असं एक पिल्लू आहे. मोती. रंगाने काळा आहे, पण नाव आधी ठरलं होतं. योजना सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, काकूंचा एकही चौकोन रिकामा नव्हता, आणि मोतीने २२ नंबरवर बैठक मारली. काकूंनी पान उचलून दोरीवर वाळत टाकलं. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "फेंक दो काकू, दुसरा पेपर मंगालो." दुसरा पेपर आणायला म्हणून घरातल्या पोराला स्टॉलवर पाठवलं, तर तिथे सगळे अंक सकाळीच उठलेले. योजनेच्या दिवसांत स्टॉलवर अंक उरत नाहीत. ज्यांच्या घरी कुत्रं आहे ते दोन-दोन घेऊन जातात की काय कोण जाणे. चुकलेल्या कुपनाऐवजी चालणारं बोनस कुपन कधीतरी येतं, पण ते अजून यायचं होतं आणि ते येईल तेव्हा मोती कुठे बसेल याची खात्री नव्हती. म्हणून २२ नंबर वाळवायचं ठरलं.

इथून शिष्टाचाराचा प्रश्न सुरू होतो.

पहिला वाद पडला तो खरं काय ते सांगायचं की नाही यावर. काकांचं मत असं की पिवळट डाग दिसला आणि कुणी विचारलंच, तर 'पाणी सांडलं' म्हणावं. काकांचा जन्म जालन्यातला नाही, पुण्याकडचा. जालन्यात 'पाणी सांडलं' हे कुणी ऐकून घेत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या गावाने टँकरपुढे रांगा लावल्या, जिथे आजही नळ रोज येत नाही, तिथे पाणी सांडणाऱ्या माणसाला भेटवस्तू तर सोडाच, चहासुद्धा कुणी देणार नाही. त्याच कारणाने कुपन धुणंही बाद झालं. पाच-दहा रुपयांच्या लाभासाठी अर्धी बादली पाणी घालवायचं, हा हिशोब मस्तगडात मांडताच येत नाही. आणि वर्तमानपत्राचा कागद धुतला की हातात जे उरतं त्याच्या गोळ्या करून उंदरांची बिळं बुजवतात.

'चहा सांडला' हे मात्र सर्वमान्य आहे. चहा आणि मोती यांचे डाग रंगाने सख्खे भाऊ. फरक कळायचा तर नाक जवळ न्यावं लागतं, आणि पेपरच्या ऑफिसात बसलेला मुलगा शंभर कुपनांवर नाक फिरवत बसणार नाही. सरकारी, निमसरकारी आणि घरगुती कागदपत्रांवरच्या आपल्याकडच्या तमाम डागांची जबाबदारी आजवर चहाने घेतलेली आहे. पण माझं मत विचाराल तर इथे चहाला मध्ये ओढू नये. कारण पुढे सांगतो.

कुत्र्याचं एक वेळ भागतं. वाळलं की वास बराच कमी होतो, कागद थोडा चुरमुरीत होतो, संपलं. मांजराचं तसं नाही. मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते बाहेर पडल्यावर सावकाश विघटित होतं आणि खरा उग्र वास सुटतो तो त्या विघटनातून. म्हणजे आज वास नाही म्हणून निश्चिंत होऊन आपण कुपन जपून ठेवतो, आणि योजनेच्या अखेरच्या तारखेला ते कपाटातून स्वतःची ओळख करून देतं. बोक्यात हे द्रव्य मांजरीपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा ज्यांच्या घरी बोका ये-जा करतो त्यांनी कुपनांच्या योजनेत भाग घेताना दोनदा विचार करावा. चौथ्या घराला काय मिळतं म्हणालो होतो, ते हे. चौथं घर आमच्या कोपऱ्यावरच्या मास्तरांचं. त्यांनी जारच्या पाण्याचं अख्खं पुस्तक फडताळात जुन्या पेपरच्या घडीत ठेवलं होतं. मऊ घडी आणि अंधार पाहून त्याच मांजरीने काय समजायचं ते समजून घेतलं. जारवाला पोऱ्या ते पुस्तक हातात घेईना. मास्तर म्हणाले, "अरे, पैसे आगाऊ दिलेत." पोऱ्या म्हणाला, "सर, तुमचं नाव माझ्या वहीत हाय. पुस्तक राहू द्या. जनम-जनम राहू द्या." आता त्यांना कुपनाविना पाणी मिळतं. पूर्ण गल्लीत असा विश्वास दुसऱ्या कुणावर टाकलेला नाही.

इस्त्रीचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका. वर्तमानपत्राला इस्त्री चालते, पण मॉलमध्ये बिलाच्या शेपटाला जोडून येणारं कुपन थर्मल कागदावरचं असतं. त्याला शाई लागत नाही, उष्णतेने अक्षर उमटतं. ओलं कुपन सुकवायला वरून इस्त्री फिरवली की कागद इकडून तिकडे काळा होतो. डाग जातो हे खरं. पण सोबत कुपनही जातं.

धर्माचा आधार घ्यावा म्हणून मी थोडं वाचून पाहिलं. आपल्या स्मृतिकारांनी द्रव्यशुद्धी हा स्वतंत्र विषय केला आहे. कोणतं भांडं राखेने घासायचं, कोणतं आंबटाने, सगळं सांगितलंय. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे शेळीचं आणि घोड्याचं तोंड शुद्ध, गायीचं मात्र नाही. म्हणजे शेळीने चघळलेलं कुपन शास्त्राने शुद्धच; अडचण एवढीच की ते अर्धंच उरतं आणि संयोजक याज्ञवल्क्य मानत नाहीत. भाभींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बिल्ली का झूठा पाक है, कुत्ते का नहीं." पण प्रश्न उष्ट्याचा नव्हता. काकूंनी स्वतः वेगळीच बाजू मांडली: दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, तेव्हा मोतीचं काही वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. हेच गायीने केलं असतं तर काकूंनी २२ नंबर देव्हाऱ्यात ठेवून वर हळदीकुंकू वाहिलं असतं आणि कुणी ब्र काढला नसता. मोतीचा अपराध एवढाच की तो चुकीच्या जातीत जन्मला. आपल्याकडे हे नवीन नाही.

जुन्या बायकांचा मात्र यावर वादच नसतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय, रेशनवरचा लाल मिलो ज्यांनी दळून खाल्लाय, त्यांच्या लेखी कागदावर काही मिळतंय म्हटल्यावर तो कागद टाकायचा नसतो. काकूंच्या सासूबाईंनी २२ नंबर दोरीवरून काढला, उलटसुलट पाहिला, पदराने झटकला आणि म्हणाल्या, "मागची बाजू खराब हाय. चिकटवून टाक. कोन बघतंय." न्यायनिवाडा पाच सेकंदांत. त्यांचं म्हणणं सरळ आहे, डाग पाठीमागे असेल तर चिकटवल्यावर तो दोन कागदांच्या मध्ये कायमचा गाडला जातो. मला यात शास्त्रार्थाला जागा दिसते, पण मोडता घालवत नाही. मागच्या बाजूला लागलेलं, पूर्ण वाळलेलं, वास नसलेलं कुपन चिकटवायला हरकत नसावी. पुढच्या बाजूचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

चिकटवण्यावरून आठवलं. फेव्हिकॉल महाग म्हणून गव्हाच्या पिठाची खळ करायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहायचं, बुडबुडे फुटले की उतरवायचं. प्रवेशिका जमिनीवर पसरायची, कारण टेबलावर मावत नाही. आणि मग आतून कुणी हाक मारतं, आपण उठून जातो. परत येईतो मोती कोपऱ्यापासून सुरुवात करून एक-एक चौकोन चाटत मध्यावर आलेला असतो. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी बहुधा अशीच प्रवेशिका पसरलेली असावी. कुत्र्याच्या जिभेने कुपन फाटत नाही, सरकतं. १४ नंबरचं कुपन १९ च्या चौकोनात जाऊन बसतं आणि तिथेच वाळतं. काकूंनी ते नखाने उकलून परत जागेवर आणलं. नियमात खाडाखोडीला बंदी आहे, स्थलांतराला नाही.

शेजारणींमध्ये कुपनांची देवाणघेवाण चालते, तिथला नियम कडक आहे आणि तो मोडणाऱ्यांची नावं गल्लीला वर्षानुवर्षं आठवतात. "तुमच्याकडे ३१ आहे का? माझ्याकडे ४० दोन आहेत." अशा व्यवहारात जनावराचं कुपन द्यायचं नाही. आपलं आपण वापरा, सासूबाई वापरू देत, पण दुसऱ्याच्या प्रवेशिकेवर आपल्या घरचा मोती चिकटवायचा नाही. एकदा एका घरातून दुसऱ्या घरी असं कुपन गेलं. लगेच कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या घरातल्या मांजराला. ते प्रवेशिकेभोवती फिरायला लागलं, हुंगलं, आणि मग आपलंही मत नोंदवून गेलं. पहिल्या घराने कानांवर हात ठेवले. साक्षीला कोण? उंदराला मांजर साक्ष असते, मांजराला कोणीच नसतं.

आता मी म्हणालो होतो की चहाला मध्ये ओढू नये. त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं. प्रवेशिका जमा करायच्या दिवशी काकूंबरोबर मीही रांगेत होतो. टेबलापाशी एक मुलगा बसला होता, विशीतला, कपाळावर घाम, बाजूला बादल्यांची उतरंड. तो प्रवेशिका घ्यायचा, कुपनं मोजायचा, शिक्का मारायचा. मोजण्याची त्याची तऱ्हा अशी: तर्जनी जिभेला लावायची, मग कुपनांच्या ओळीवरून बोट फिरवायचं. दहा झाली की पुन्हा जीभ. दर दहा कुपनांना एकदा. काकूंच्या पुढे चार बायका होत्या. काकू त्या बोटाकडे बघत होत्या. जीभ, बोट, कागद. जीभ, बोट, कागद. मी पाहिलं, काकूंच्या ओठांची हालचाल होत होती; त्या मनात मोजत होत्या की २२ नंबरला त्याचं बोट ओलं असेल की कोरडं.

नंबर आला. प्रवेशिका टेबलावर गेली. मुलाने बोट जिभेकडे नेलं, आणि काकू म्हणाल्या, "ओ भाऊ, पाण्याचा स्पंज नाही का तुमच्याकडे?"

"कामून काकू?"

"नाही, असंच. उन्हाळा आहे. घसा कोरडा पडतो."

मुलगा हसला. पहिली दहा झाली. जीभ. दुसरी दहा झाली. जीभ. बोट एकविसाव्या चौकोनावर. काकूंनी प्रवेशिकेवर पंजा ठेवला. "भाऊ, थांबा. त्या २२ नंबरवर आमचं कुत्रं बसलं होतं."

मागची रांग गप्प. मुलाने बोटाकडे पाहिलं, मग २२ कडे, मग काकूंकडे. "कधी बसलं होतं?"

"झाले अडीच महिने."

"मग वाळलं असंल," तो म्हणाला. त्याने पेनाच्या टोपणाने २२ वर टिचकी मारली, बाकीचं टोपणानेच मोजलं आणि शिक्का मारला. बादली दिली. मागून एक बाई म्हणाल्या, "आमच्या १७ वर बोका होता हो." त्यांच्या मागची म्हणाली, "आमचं पोरगं." मुलाने टोपण हातातच ठेवलं. त्या दिवसापुरती त्याची जीभ त्या कामातून मोकळी झाली.

यात मला या सगळ्या शिष्टाचाराचं मूळ दिसतं. खराब नोट आपण पुढे सरकवतो, पुढचा त्याच्या पुढे, आणि ती फिरत राहते. कुणाच्याच हातात फार वेळ नसते. कुपनाचं तसं नाही. ते ज्याने काढलं त्याच्याकडे परत जातं आणि तिथे थांबतं. किराणावाला साबणाची कुपनं बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात साठवतो, कारण ती दाखवल्याशिवाय कंपनीकडून त्याला पैसे मिळत नाहीत. महिन्याने कंपनीचा सेल्समन येतो, ती पुन्हा मोजतो, रबरबँड लावून पिशवीत घालतो. तिथून वितरक, तिथून आणखी कुठलं ऑफिस. आपण काउंटरवर 'चहा सांडला' म्हणून सुटतो, पण आपला बोका जालन्याहून संभाजीनगरला आणि तिथून पुण्याला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बोट जिभेला लावून त्याला मोजतं. त्या लोकांना आपण कधी बघणार नाही. म्हणून आधी सांगावं, मग द्यावं. सांगताना जनावराचं नाव घेतलं तरी चालेल, पण काय केलं ते मोघम ठेवावं. 'बसलं होतं' हे क्रियापद पुरेसं आहे. काकूंनी ते घाईत शोधलं, पण त्याहून सभ्य शब्द मला अजून सापडलेला नाही.

सांगायचं काम लहान पोरावर सोपवू नये. पोरगं एक तर सांगत नाही, नाहीतर अभिनयासकट सांगतं.

मळलेल्या कुपनाचा मान कुठे राखला जातो म्हणाल, तर हार्डवेअरच्या दुकानात. रंगाच्या बादलीत रंगाऱ्यासाठी टोकन टाकलेलं असतं. ते बाहेर निघतं तेच लडबडलेलं. रंगारी ते चिंधीने पुसतो, खिशात टाकतो, संध्याकाळी दुकानात आणून काउंटरवर आपटतो. खिसा रंगलेला, बोटं रंगलेली, टोकन रंगलेलं. दुकानदार खळखळ न करता पैसे देतो. सळयांच्या या गावात ग्रीस, सिमेंट, गंज आणि रंग लागलेल्या कागदाला कुणी नाक मुरडलेलं मी पाहिलेलं नाही. कामाचा मळ चालतो. घरातल्या जनावराचा मळ आला की मात्र माणूस शास्त्र काढतो. खरं तर डिस्टेंपरपेक्षा मोती आरोग्याला फार वाईट असेल असं नाही. ताज्या ओल्या डागाला मात्र सगळ्यांनीच जपावं. कुत्र्या-उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो आणि हाताला जखम असेल तर गंमत राहत नाही. ओलं असेल तर हात लावू नका, आणि लावला तर साबणाने धुवा. एवढ्या कामापुरतं पाणी जालन्यातही मिळतं.

महाप्रसादाच्या कुपनाचं लोकांना उगीच दडपण असतं. घरच्या मांजराने खराब केलेलं कुपन घेऊन पंगतीला जाऊ नये, हे कुणी सांगायला नको. पण म्हणून घरी बसून राहायचंही कारण नाही. मंडळाला कुपन हवं असतं ते माणसांचा अंदाज यावा, किती तांदूळ शिजत घालायचे ते ठरावं म्हणून. मंडपाच्या दाराशी उभ्या असलेल्या पोराला म्हणावं, "भाऊ, कुपन घरी राहिलं." तो म्हणतो, "बसा की काका." मराठवाड्यात पंगतीच्या दारातून कुणाला परत पाठवत नाहीत. कुपन न दाखवता जेवलेली माणसं मोजली तर कुपनवाल्यांपेक्षा जास्त भरतील.

लोक म्हणतात आता हे सगळं संपत आलंय. रेशनला अंगठा लागतो, साबणाच्या वेष्टनात खरडून काढायचा नंबर असतो, तो मोबाइलवर पाठवायचा, ओटीपी येतो, संपलं. मला तसं वाटत नाही. परवाच काकूंनी खरडायचं कार्ड सोफ्यावर ठेवलं आणि मोतीने त्यांच्याआधी खरडलं. नंबरचे पहिले सहा आकडे काकूंकडे आहेत, उरलेले मोतीकडे. ओटीपीचं तर काही खरंच नाही.

नवीन वर्षाची योजना आता कधीही जाहीर होईल. संयोजकांना मस्तगडकरांची विनंती एवढीच: मोजणाऱ्या मुलाला एक स्पंज द्या, नियमावलीत पाळीव प्राण्यांसाठी एक ओळ टाका, आणि कुपन पानाच्या मधोमध न छापता वरच्या कोपऱ्यात छापा. पिल्लू कोपऱ्यात बसत नाही, मध्येच बसतं.